फक्त एकदाच बुडवा

ओसाका, ९ सप्टेंबर

तेइजीदादा,

तुझं पत्र आलं. पहिलं पान शरदाच्या वाऱ्याचं, दुसरं तुझ्या सेन्दाईच्या खिडकीबाहेरच्या गवताचं, आणि तिसऱ्याच्या तळाशी एक ओळ: 'तू कशी आहेस?' मी चिडलेली आहे. म्हणून हवापाण्याला फाटा देते आणि सरळ मुद्द्यावर येते.

नवीन वर्ष लागायच्या आत मी दुकान बंद करायचं म्हणते.

गुडघे ठीक आहेत, गिऱ्हाईकही आहे. नाही ते भांडं. साथ आली तेव्हा आमच्या कोतोबुकी गल्लीच्या व्यापारी मंडळाने फळीवरचं सॉसचं स्टीलचं भांडं उचलायला लावलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर प्लास्टिकची बाटली ठेवायला लावली. तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. माणसं मरत होती. पण साथ गेली, मास्क गेले, मध्ये लावलेले पारदर्शक पडदेही गेले. बाटली मात्र घरजावयासारखी ठाण मांडून बसली आहे.

आणि सॉस मरतोय, दादा. सासऱ्यांनी चढवलेलं मूळ पातेलं तू पाहिलं आहेस. दिवसभर फळीवर लोक काडीला टोचून तळलेले तुकडे भांड्यात बुडवणार, गोमांसाचा, कांद्याचा, कमळकाकडीचा, लाल आल्याचा अंश त्यात उतरणार. संध्याकाळी उरलेलं गाळून, उकळून मी परत पातेल्यात ओतणार आणि वर नवं घालणार. अशी त्याला चव चढत गेली. आता बाटलीतून सॉस बाहेर जातो, परत काहीच येत नाही. काल बोट लावून चाखला. खारट पाणी! असलं विकून सासऱ्यांच्या फोटोसमोर उदबत्ती लावायला हात धजत नाही.

नोव्हेंबरात गल्लीची खाऊफेरी आहे, साथीनंतरची पहिलीच. त्या दिवशी तरी भांडं फळीवर ठेवू द्या, असं मी मंडळाच्या बैठकीत सांगणार आहे. समोर अध्यक्ष ओकुदासान असतील, ते औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांना पाहिलं की माझी दातखीळ बसते. तू जन्मभर छापखान्याच्या कामगारांपुढे बोललास. मला चार वाक्यं लिहून दे. चार म्हणजे चार.

चियोए


सेन्दाई, १५ सप्टेंबर

चियो,

चार वाक्यांत फक्त किराणा मागवता येतो. सोबत भाषण जोडलं आहे, ते वाच. कुठेही गाळू नकोस. मधला भाग इथे पुन्हा लिहितो, कारण तू भाषण पिशवीत विसरशील आणि पत्र मात्र दोनदा वाचशील.

'अध्यक्षमहाराज, बाटली म्हणजे काय? माझं माझ्यापाशी, तुझं तुझ्यापाशी. आणि भांडं म्हणजे काय? शेजारी उभ्या असलेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या माणसावर टाकलेला भरवसा, की हा चावलेली काडी पुन्हा बुडवणार नाही, सगळ्यांचं भांडं उष्टं करणार नाही. या भरवशाला पोलीस लागत नाही, कॅमेरा लागत नाही. भिंतीवर एक पाटी पुरते: फक्त एकदाच बुडवा. देशोदेशीचे कायदे मी वाचले आहेत. इतकं लहान, इतकं न्याय्य आणि इतकं बिनबोभाट पाळलं गेलेलं कलम मला कुठे सापडलं नाही. गोदीतला हमाल आणि बँकेचा साहेब या फळीवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि दोघांनाही मुभा एकदाच! साहेबाला दोनदा बुडवायची सवलत नाही! सॉस कमी पडला तर दोघांनीही कोबीचं पान घ्यावं, त्याने सॉस उचलावा आणि काडीवर घालावा. लोकशाही कुठे पाहिली, असं मला कोणी विचारलं तर मी संसदेकडे बोट दाखवणार नाही. मी माझ्या बहिणीच्या फळीकडे दाखवीन.'

शेवटच्या वाक्यात 'माझ्या बहिणीच्या' ऐवजी 'माझ्या' म्हण. आणि 'मुभा एकदाच' या शब्दांवर मूठ आपट. मी नेहमी आपटतो.

दुकान बंद करण्याची भाषा पुन्हा करू नकोस. लढल्याशिवाय हरणं हे आपल्या घराण्यात कोणी केलेलं नाही. हरलो पुष्कळ, पण लढून.

तेइजी


ओसाका, १ ऑक्टोबर

दादा,

बैठक झाली. तुझी सहा पानं घेऊन मी उभी राहिले. 'गोदीतला हमाल आणि बँकेचा साहेब' इथपर्यंत आले तोच मागून मासळीवाला गेन्झो ओरडला, "चियोए, बँकेचा साहेब तुझ्याकडे येतो? एकदा आमच्याकडेही धाड की! आमच्याकडे फक्त वसुलीवाला येतो!"

सगळे खो खो हसले. माझ्या हातातून कागद सुटले. मग मात्र मी भडकले आणि दातखीळ आपोआप उघडली. म्हटलं, "भांडं नसेल तर मी वर्षाखेरीला दुकान मिटवते. मग बसा बाटल्या चोखत!"

हसणं थांबलं. मूठ आपटायची राहिली, पण फारसं बिघडलं नाही.

ओकुदासान मुळीच हसले नव्हते. ते म्हणाले, "चियोएसान, मी औषधं विकतो म्हणून तुम्हाला वाटतं की मला जंतूंचं भय आहे. मला माणसांचं भय आहे. पूर्वी कोणी दुसऱ्यांदा बुडवायला गेला की शेजारचा त्याचा हात धरायचा. अनोळखी असला तरी धरायचा. या चार वर्षांत आपण एकमेकांकडे न बघता, न बोलता जेवायला शिकलो. आज कोणी चुकलं तर शेजारचा मोबाइलमध्ये मान घालेल आणि गुपचूप निघून जाईल. भांडं परत आणाल हो, पण बोलणारी माणसं कुठून आणणार?"

 याचं उत्तर तुझ्या सहा पानांत नव्हतं. घरी येऊन शोधलं.

शेवटी त्यांनी अट घातली. फेरीच्या दिवशी भांडं ठेवा. ते स्वतः माझ्या दुकानासमोर बसून राहतील. दिवसभरात एकानेही दुसऱ्यांदा बुडवलं तर भांडं कायमचं आत. सगळे माझ्याकडे बघत होते, मी "चालेल!" म्हणून टाकलं. बाहेर आल्यावर आपल्या शाळेतल्या मिनेएने माझ्या पाठीत धपाटा घातला. "अगं बये, एकानेही नाही? शंभर माणसं येणार, त्यात एक तरी वेंधळा निघतोच! दहा तरी मागायचे होतेस!"

तर आता असं आहे. बारा नोव्हेंबरला माझं दुकान राहणार की जाणार ते ठरेल. तू ये. मी आत कढईपाशी असेन, बाहेर माझं माणूस असावं असं वाटतं.

चियो


सेन्दाई, ८ ऑक्टोबर

चियो,

तू अट मान्य केलीस, हे वाचून मी खोलीत येरझारा घातल्या. 'एकानेही नाही' ही अट नव्हे, सापळा आहे. कुठलाही समाज शून्य चुकांवर चालत नाही. इतिहासात असा एकही दाखला नाही. पण आता बाण सुटला.

माझं येणं कठीण दिसतं. पाठ धरली आहे. एक जाडजूड ग्रंथ अर्ध्यावर आहे. नात्सुए म्हणते, बाबा, एवढा प्रवास झेपणार नाही. शिवाय गल्लीत आता मला ओळखतं कोण? माझ्या भाषणांना टाळ्या वाजवणारे निम्मे गेले आणि उरलेल्यांना ऐकू येत नाही.

भाषणाची सुधारलेली प्रत सोबत आहे. दुकानाच्या दाराला चिकटव.

तेइजी


(पोस्टकार्ड) ओसाका, १३ ऑक्टोबर

मिनेएला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, "पाठबिठ काही नाही. तेइजी घाबरला." चि.


सेन्दाई, १३ नोव्हेंबर

चियो,

हे पत्र तू उघडशील की चुलीत घालशील, मला माहीत नाही. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून काल न भेटता स्टेशन गाठलं. फोन बंद ठेवला आहे. तू कढईपाशी होतीस, तुला काही दिसलं नाही. काय झालं ते तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. पण सरळ तिथपर्यंत यायला हात धजत नाही. आधी फेरीचं सांगतो. त्या फेरीत मी इतका सुखी होतो की त्याचीच शिक्षा मिळाली असावी.

तुझ्या कार्डावरचं 'घाबरला' वाचलं आणि निघालोच. गल्लीच्या तोंडाशी उतरलो आणि पहिली गाठ मिनेएशी. ती ऑक्टोपसचे गोळे उलटत होती, दोन्ही हातांत दोन सुया. मान वर न करता म्हणाली, "भाषणं अजून करतोस, की नुसता खोकतोस?" मी म्हटलं, "गोळे दे आधी." पहिला तोंडात घातला आणि टाळू पोळला. डोळ्यांतून पाणी येत असतानाच मी विचारलं, "यात ऑक्टोपस कुठाय गं?" ती म्हणाली, "शोध की! संघटनेत एवढी वर्षं काढलीस, शोधायची सवय नाही होय?" रांगेतली पोरं हसली. मग तिने माझ्या तबकात एक गोळा जास्तीचा टाकला. शाळेत असतानाही ती खोडरबर असंच टाकायची, शिव्या देऊन.

पुढे गेन्झोचा भाचा माखलीचे तुकडे आणि पीठ दोन तापल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबत होता. वरची पाटी पडली की 'च्याँ' असा आवाज आणि पांढरी वाफ. सगळे एकदम मागे सरकायचे आणि पुन्हा एकदम पुढे यायचे. मीही सरकत होतो, येत होतो. शेजारी नागोयाहून आलेलं एक जोडपं होतं. चालता चालता खायला निघाले, तर तो भाचा ओरडला, "ओ दादा, इथेच उभं राहून खा, कागद मला परत द्या! गल्लीत कागद उडाला तर आई मला तळेल!" ते बिचारे थांबले. आम्ही तिघं भिंतीला टेकून खाल्लं. त्यांनी मला त्यांच्याकडच्या तळलेल्या कोळंबीचं सांगितलं, मी त्यांना अठ्ठावन्न साली गल्लीत काय मिळायचं ते सांगितलं. ते ऐकत होते, चियो. माणसं माझं ऐकत होती.

मग आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोत शिजलेल्या गोमांसाच्या शिरा. त्या विकणाऱ्या आजीबाईंच्या सुनेने झाकण उघडलं आणि वासाने मला थेट आपल्या परसदारी नेऊन ठेवलं. मग वाफेवरचा डुकराच्या मांसाचा पाव, मोहरी लावून. मग लाल घेवड्याचं पुरण भरलेली गरम चकती. तिचं पीठ जरा कच्चं होतं, मी तसं सांगितलंही. चकतीवाला म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी भाजून ठेवतो, तोवर दम धरा!" पाठ दुखत नव्हती. पाठ आहे हेच मी विसरलो होतो.

आणि मग तुझं दुकान.

भांडं फळीवर होतं. स्टील असं घासलेलं की त्यात वरचा कंदील दिसत होता. ओकुदासान समोर बसलेले, अंगात कोट, गळ्यात टाय, जणू परीक्षेवर देखरेख. मी विचारलं, "कसं काय?" ते म्हणाले, "अजून कोणी चुकलेलं नाही." आवाजात आनंद नव्हता. मला राग आला. हा माणूस चूक होण्याची वाट बघत बसला आहे, असं वाटलं.

मी लाल आल्याची काडी घेतली, बुडवली, अर्धी खाल्ली. सॉस खरंच हलका झाला आहे गं, पण धागा तोच आहे. आणि शेजारच्या मुलाने आपल्या मैत्रिणीला विचारलं, "ही पाटी कशाची?" बस! मी वळलो आणि सुरू झालो. देशोदेशीचे कायदे आले, हमाल आला, बँकेचा साहेब आला. लोक जमले. नागोयाचं जोडपं आलं, मिनेए सुया हातात घेऊन आली. इतक्या वर्षांनी माझा आवाज गल्लीच्या त्या टोकाला आपटून परत येत होता. मी वाक्याच्या शेवटाला आलो. "आणि दोघांनाही मुभा... एकदाच!"

अशा वाक्याला मी टेबलावर मूठ आपटतो. सगळं आयुष्य आपटली. काल टेबलाच्या जागी तुझं भांडं होतं आणि मुठीत अर्धी खाल्लेली काडी.

'एकदाच' या शब्दावर मी दुसऱ्यांदा बुडवली. मनगटापर्यंत. सॉस नागोयाच्या बाईच्या कोटावर उडाला.

आणि मग जो गदारोळ उठला! वीस-पंचवीस माणसं एकदम माझ्यावर ओरडली. हात वर, बोटं माझ्याकडे. कोणीतरी माझं मनगट धरलं होतं. मी संपावर लाठ्या खाल्ल्या आहेत, पण असा कधी वितळलो नव्हतो. गर्दीतून अंग काढून घेतलं. वळून पाहिलं तर ओकुदासान दोन्ही हातांनी भांडं उचलून आत नेत होते.

म्हणजे संपलं. दिवसभर शंभर माणसं नियमाने वागली आणि तुझ्या सख्ख्या भावाने तुझं दुकान बुडवलं. मिनेए म्हणाली होती, एक वेंधळा निघतोच. तिला सांग, तिचं बरोबर होतं.

दुकान मिटवण्याच्या दिवशी भांडी घासायला येईन. तेवढ्यापुरतं तरी दारात उभं कर.

तेइजी


ओसाका, १६ नोव्हेंबर

दादा,

गाढवा, फोन चालू कर.

तुझं पत्र मी फळीवर मोठ्याने वाचून दाखवलं. मिनेएला हसून हसून उचकी लागली, अजून थांबलेली नाही. तू अर्ध्यात पळालास, म्हणून तुला अर्धंच कळलं आहे. पुढचं ऐक.

गलका झाला तशी मी कढई सोडून बाहेर आले. तुझी पाठ वळणावर दिसली आणि ओकुदासान भांडं घेऊन आत येताना दिसले. मी त्यांच्या वाटेतच उभी राहिले. मी म्हटलं, "ओकुदासान, अट मोडली. कळलं मला. ठेवा खाली, मी उचलते."

ते म्हणाले, "बाजूला व्हा, सांडेल." मोरीत गेले, भांडं पालथं केलं, स्वतः साबणाने घासलं, स्वतः उकळतं पाणी फिरवलं आणि रिकामं भांडं माझ्यापुढे धरलं. "मूळ पातेल्यातलं भरा. बाहेर लोक ताटकळलेत."

मला काही कळेना. ते मोरीच्या कट्ट्यालाच टेकले. कोटाच्या बाहीवर फेस होता. म्हणाले, "चियोएसान, मी अट चुकीची घातली होती. सकाळपासून बसलो होतो. कोणी चुकत नव्हतं आणि माझी काळजी वाढत होती. मला कुठे चूक हवी होती? मला बघायचं होतं की चूक झाली तर कोणी तोंड उघडतं का. कोणी चुकलंच नाही, तर ते कळणार कसं? तुमच्या भावाने हात आपटला आणि... ऐकलंत ना? ती मास्कवाली बाई, ती माझी रोजची गिऱ्हाईक. चार वर्षांत तिने माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, चिठ्ठी पुढे करते आणि औषध घेऊन जाते. ती सगळ्यांत आधी ओरडली! मास्क खाली ओढून ओरडली! 'आजोबा, उष्टं केलंत!' म्हणून."

आणि तुझं मनगट कोणी धरलं होतं माहितीय? त्या नागोयाच्या बाईने. कोटावर सॉस उडालेला, त्याकडे तिने पाहिलंही नाही. परगावची, आयुष्यात पहिल्यांदा या फळीवर उभी राहिलेली. नवरा तिला म्हणत होता, "अगं, म्हातारे गृहस्थ आहेत, सोड." ती म्हणाली, "म्हातारे असू देत नाहीतर मंत्री. नियम आत्ताच त्यांनी सांगितला ना!"

लोक तुझ्यावर चिडले नव्हते, दादा. तू गेल्यावर कितीतरी वेळ सगळे एकमेकांशी बोलत होते. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. "तुम्ही पाहिलंत?" "मी तर हातच धरणार होतो!" "अहो, मनगटापर्यंत!" अर्ध्या गल्लीने तुझी नक्कल केली. गेन्झोची तर बघण्यासारखी होती. माझ्या काड्या संपल्या. कोबी संपला. मी पीठ दोनदा भिजवलं.

तू भाषणात म्हटलंस की त्या भांड्याला माणसाचा भरवसा राखतो. मला वाटतं, तिथे तू जरा चुकलास. कोणी चुकणारच नाही, असला भरवसा मी तुझ्यावरसुद्धा टाकणार नाही, आता तर नाहीच. भांडं राहतं ते चुकणाऱ्याला तोंडावर बोलणारी माणसं भोवती असतात म्हणून, आणि बोलून झाल्यावर त्याच्या शेजारी पुन्हा उभी राहतात म्हणून. तू उभा राहिला असतास तर तुलाही दिसलं असतं.

सोमवारी मंडळाची बैठक झाली. भांडं रोज फळीवर राहणार. ठराव ओकुदासाननी स्वतः मांडला आणि अनुमोदन गेन्झोने दिलं. दुकान मिटवायचं मी विसरले आहे. काल उरलेला सॉस गाळून पातेल्यात ओतला. चव यायला वेळ लागेल, पण आता रोज काहीतरी परत येतंय.

तुझ्या गुन्ह्याचाही निकाल लागला. खाऊफेरी आता दर दोन महिन्यांनी होणार. प्रत्येक फेरीला तू सेन्दाईहून यायचं आणि माझ्या दारात उभं राहून नवख्यांना नियम समजावायचा. शिक्षा मिनेएने सुचवली. म्हणाली, "असा गुन्हेगार पुन्हा मिळायचा नाही."

नात्सुएलाही आण.

चियो


सेन्दाई, २० नोव्हेंबर

चियो,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून, मग नात्सुएला वाचून दाखवलं. ती बराच वेळ हसत होती, मग तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि फेरीचे रविवार रंगवले. तीही येते आहे. म्हणते, पुराव्याला कोणीतरी हवं.

तुझा युक्तिवाद मी दोन दिवस तपासतो आहे. त्यात भोक सापडलं नाही. सगळं आयुष्य मी नियमाच्या बाजूने बोललो. नियम मोडणाऱ्याच्या शेजारी उभं राहणाऱ्यांबद्दल एक वाक्य बोललो नाही. आता बोलेन. नवं भाषण लिहायला घेतलं आहे. नऊ पानं झाली.

नागोयाच्या त्या बाईंचा पत्ता मिळाला तर कळव. कोट धुऊन द्यायचा आहे आणि हात धरल्याबद्दल आभार मानायचे आहेत.

शिक्षा मान्य. अपील करणार नाही. न्यायमूर्ती मिनेए यांना फक्त एक विनंती पोचव: मी बोलायला उभा राहिलो की माझे दोन्ही हात रिकामे आहेत की नाहीत, हे आधी कोणीतरी बघून घ्यावं.

तेइजी